गाडीतला तिसरा फोन

माझी नणंद लोकांचे आखडलेले हातपाय पिळून मोकळे करायची. ऑपरेशन झालेले गुडघे, पडून मोडलेले खुबे, झटक्याने लुळा पडलेला हात, असं काही झालं की लोक तिला घरी बोलवायचे. डिग्री रीतसर फिजिओथेरपीची होती, पण पेशंट तिच्या माघारी तिला पिळबाई म्हणायचे. हे तिच्या कानावर होतं. माझं मत विचाराल तर तिला ते आवडायचंही. कळवळणाऱ्या म्हाताऱ्याला ती शांतपणे सांगायची, "रडा, पण पाय वर ठेवून रडा."

आमचं दोघींचं पहिल्या भेटीपासून फाटलेलं. मला भेटून घरी गेल्यावर तिने एवढंच सांगितलं होतं की पोरगी पोक काढून बसते. हे माझ्या नवऱ्याने लग्नानंतर भोळेपणाने मला सांगून टाकलं आणि तेव्हापासून ती समोर आली की मी आधी पाठ ताठ करते, मग तोंड उघडते. माझा नवरा तिचा थोरला भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर परक्यांच्या चुका शोधून त्याची इतकी दमछाक होते की घरात आल्यावर त्याला कुणाचीच चूक दिसत नाही. सासूसासरे गेल्यावर खालचा मजला तिचा झाला, वरचा आमचा. जिना, फाटक, पाण्याची टाकी आणि भांडणं तेवढी सामाईक राहिली. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही आणि सांगायची तिला गरज वाटली नाही.

पुष्कळ वर्षं ती स्कूटरवर फिरली. पुढे पायाशी शॉक देण्याचं मशीन, मागे वजनांची पिशवी, गळ्यात रबरी पट्ट्यांचं भेंडोळं. शेवटी तिचाच खांदा धरला. दुसऱ्यांचे खांदे सोडवणाऱ्या बाईला स्वतःचा हात डोक्यापर्यंत नेता येईना, तेव्हा तिने विजेवर चालणारी जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे तशी नवीच, एका बाईने थोडीशी वापरून विकलेली. कंपनीच्याच वापरलेल्या गाड्यांच्या यार्डातून घेतली.

ती गाडी आली त्या दिवशी मी वरच्या गॅलरीतून बघत होते. तिने किल्ली लावली नाही. नुसती चालत जवळ गेली, तर आरसे कान टवकारावे तसे उघडले आणि दार सुटलं. नवऱ्याने कौतुकाने विचारलं, किल्ली कुठाय? तिने पर्समधला फोन वर करून दाखवला. फोन जवळ असला की झालं. गाडी माणूस ओळखते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि फोन दुसऱ्याचा असला तर?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गाडीवर थुंकले होते.

पहिल्या आठवड्यातच कुरबुर सुरू झाली. सकाळी ती गाडीत बसायला गेली तर चारही काचा अर्ध्या खाली आणि सीटवर मांजराचे पाय. दुसऱ्या दिवशी आत हीटर चालू होता, भट्टी झाली होती. एकदा तिने गाडी रात्रभर चार्जिंगला लावलेली आणि सकाळी बघते तर जेमतेम निम्मी भरलेली, कारण चार्जिंग कुणीतरी मध्येच बंद केलं होतं. चार्जिंगचं बटण जिन्याखाली. जिना सामाईक.

ती तरातरा वर आली. मी डाळ निवडत होते.

"वहिनी, माझ्या गाडीशी काय वैर आहे तुझं?"

मी म्हटलं, मला तुझी गाडी उघडता तरी येते का? ती म्हणाली, मी आंघोळीला जाते तेव्हा फोन खाली टेबलावर असतो आणि तू पाण्याची मोटर लावायला रोज खाली येतेस. मग बोलण्यावर बोलणं वाढलं. तिने माझ्या आळसापासून सुरुवात केली आणि माहेरापर्यंत पोचली. मीही काही शिल्लक ठेवलं नाही. तिच्या एकटेपणावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. नवरा मुद्रितांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभा होता, आणि दोघींनीही त्याला एकाच वेळी "तू मध्ये पडू नकोस" म्हणून सांगितलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मोटर लावायला खाली जायचं असलं की मी पायऱ्यांवर मुद्दाम पाय आपटत जायची, चोरासारखी आले असं कुणी म्हणू नये म्हणून.

मग भोंग्याचं प्रकरण झालं. एक निवृत्त मुख्याध्यापक तिचे जुने पेशंट होते, खुबा बदललेले. ती त्यांना पलंगाला धरून उभं करत होती आणि बाहेर गाडी ओरडायला लागली. दिवे फडफडत होते, भोंगा थांबता थांबेना. ती म्हाताऱ्याला सोडून जाऊ शकत नव्हती, कारण सोडलं असतं तर ते जमिनीवर. शेजारपाजारचे बाहेर आले. मुख्याध्यापकांची सून आधीच तोंडाची तिखट. तिने आत येऊन सांगितलं की आमच्या घरी आजारी माणूस आहे, तमाशा नको, उद्यापासून येऊ नका. ते आजारी माणूस पिळबाईच्या हातात लटकून "अहो पण माझा पाय" म्हणत होतं, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. ती बाहेर आली तर गाडी गप्प झालेली आणि कुलूपबंद. फोन हातात असून दार उघडेना. उघडलं की पुन्हा खाट्कन बंद. आत मशीन, आत पिशवी, आणि पुढचा पेशंट वाट बघत बसलेला. गाडीशी अशी झोंबी घेऊन शेवटी ती एकदाची आत शिरली.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याजवळ येऊन बसली. ती रडली नाही, तिला येत नाही, पण खांदा दाबत राहिली. मी त्या वेळी पेशंटच्या घरी नव्हते एवढं तिला कबूल करणं भाग होतं. ते तिने तोंडाने केलं नाही. नवरा म्हणाला, सर्व्हिस सेंटरला जा, आणि वहिनीला बरोबर ने, ती गिऱ्हाईक म्हणून भांडण्यात पटाईत आहे. असं त्याने आम्हा दोघींना एका वाक्यात डिवचलं आणि एका गाडीत कोंबलं.

काउंटरवरच्या साहेबाने ऐकून घेतलं आणि हसला. म्हणाला, मॅडम, फोन पर्समध्ये असताना बटण दाबलं जातं, नव्या लोकांचं असं होतं. माझी नणंद म्हणाली, "माझ्या पर्समध्ये बसून कुणी मध्यरात्री काचा खाली करत असेल तर मला तो माणूस बघायचाय." तरी तो हसतच राहिला. मग मी तोंड उघडलं. मी हळू आवाजात बोलत नाही, आणि रांगेत मागे सहासात गिऱ्हाइकं होती. साहेबाने हसणं आवरून आतून एका मेकॅनिकला बोलावलं.

त्या मेकॅनिकने गाडी संगणकाला जोडली आणि पडदा आमच्याकडे फिरवला. गाडी तीन फोनना ओळखत होती. पहिला आधीच्या मालकिणीचा. दुसरा तिने जोडून दिलेला, कुणा पुरुषाचा.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

"तिसरा यांचा," त्याने नणंदेकडे बोट केलं.

म्हणजे यार्डवाल्यांनी गाडी विकली, कागद बदलले, पण आतली जुनी मालकी तशीच ठेवून हिचा फोन पाहुण्यासारखा मागे जोडून दिला होता. हिच्या गाडीत हीच तिसरी. तो दुसरा माणूस जगात कुठेही बसून काचा खाली करू शकत होता, दार उघडू शकत होता, आणि गाडी या क्षणी कुठे उभी आहे ते नकाशावर बघू शकत होता. ती रोज रात्री कुणाच्या फाटकापाशी उभी असते, तेही. मी म्हटलं, काढून टाका की त्याला. मेकॅनिक म्हणाला, इथून निघत नाही, मूळ मालकीण काढू शकते, नाहीतर यार्डाने अर्ज करायचा आणि वरून मंजुरी यायची. यार्डात गेलो तर तिथला मॅनेजर म्हणाला, हे सर्व्हिसचं काम. दोघांमध्ये आम्ही चेंडूसारख्या हिंडलो. शेवटी यार्डातल्या टेबलावरची एक मुलगी कंटाळली आणि तिने हळूच मूळ मालकिणीचा नंबर दिला.

ती बाई एका ड्रायक्लीनरच्या दुकानात होती. फोनवर बोलायला तयार नव्हती, म्हणाली दुकानातच या. आम्ही त्याच गाडीतून गेलो आणि दुकानासमोर गाडी उभी केली. तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही की आपण काय करतोय.

काउंटरमागे वाफेची इस्त्री फुसफुसत होती. हँगरवर दुसऱ्यांचे कोट, झगे, पडदे टांगलेले. ती बाई माझ्यापेक्षा बरीच लहान, बारीक, कोटांना चिठ्ठ्या टोचत उभी होती. आम्ही कोण ते सांगितल्यावरही तिचे हात थांबले नाहीत. नणंदेने विचारलं, गाडी विकताना नवऱ्याचा फोन काढायला विसरलात का?

"विसरले नाही," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवला."

मग तिने थोडक्यात सांगितलं. नवरा लांबच्या एका बंदरावर क्रेन चालवतो. घरी असला की मारतो, नसला की गाडीवरून पाळत ठेवतो. ही कुठे थांबली, किती वेळ थांबली, तिथे कोण राहतं. उत्तर आवडलं नाही की भर रस्त्यात भोंगा वाजवतो. ती मुलीला घेऊन निघून आली आणि गाडी विकली, कारण गाडी तिच्या नावावर होती. त्याचा फोन काढला असता तर त्याला त्याच मिनिटाला कळलं असतं आणि तो पहिल्या गाडीने इथे आला असता. ठेवला, म्हणून गाडी फिरत राहिली आणि तो समजत राहिला की बायको फिरतेय. तो नकाशावरच्या ठिपक्याला छळत राहिला, आणि तिला तेवढा वेळ मिळाला. दुसऱ्या गावात नोकरी बघितलीय, मुलीच्या शाळेचं झालं की जाणार. तेवढे दिवस असंच राहू द्या, असं ती म्हणाली. विनवणी नव्हती त्यात. गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तशी बोलत होती.

माझ्या नणंदेचा आवाज चढला. तिने त्या बाईला सोलून काढलं. स्वतःच्या मानेवरचं जू माझ्या मानेवर टाकलंस, निदान आधी सांगायचं तरी होतंस, ही गाडी लुळ्यापांगळ्या माणसांच्या दाराशी उभी असते, त्यांच्यापैकी कुणाला काही झालं तर तू येणार का उचलायला, माझे पेशंट गेले ते तू आणून देणार का? दुकानाच्या मालकाने आतून डोकावून बघितलं आणि पुन्हा डोकं आत घेतलं. बाई ऐकत राहिली. म्हणाली, "तुमचं खरं आहे. पण मला दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तुम्ही मला कोण होतात?" मग तिने फोन काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर आत्ता काढते."

फोन दोघींच्या मध्ये पडून होता. मला वाटलं, झालं, सुटलो. माझी नणंद त्या फोनकडे बघत राहिली. मग त्या बाईच्या हाताकडे. चिठ्ठ्या टोचणाऱ्या त्या हाताचं मनगट वेडंवाकडं जुळलेलं होतं. मोडलेलं मनगट वेळेवर नीट बसवलं नाही की तसं जुळतं, हे मला नंतर कळलं. तिला बघताक्षणी कळलं असणार.

"लवकर आवर," ती म्हणाली, आणि दुकानाबाहेर पडली.

गाडीत बसल्यावर मी फुटले. तो माणूस आमच्याही दाराशी येणार होता, आणि ही परस्पर उदार झाली होती. मी म्हटलं, तुझ्या घरातल्या माणसांपेक्षा ती कपडेवाली तुला जवळची झाली का? ती समोर रस्त्याकडे बघून म्हणाली, "दादाला काही सांगायचं नाही." मी म्हटलं, मी सांगणार. आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची झोप उडाली असती आणि उपयोग शून्य. तेवढं माझं ऐकून ती गाडी रात्री मैदानामागच्या पार्किंगमध्ये लावायला लागली आणि सकाळी मशीन चढवण्यापुरती फाटकाशी आणायची. आमचं भांडण त्या दिवसांत वेगळंच झालं. आधी रागाने बोलत नव्हतो. आता बोललो तर नवऱ्याला ऐकू जाईल म्हणून बोलत नव्हतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून मी फाटकावर नजर ठेवायची आणि ती खालून.

तो एका सुट्टीच्या सकाळी आला. नवरा फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होता. बाहेर गाडी उभी, मागचं दार उघडं, मशीन नुकतंच आत ठेवलेलं. नणंद पिशवी आणायला घरात गेली होती. मी खिडकीतून बघितलं तर एक उंच, खांद्याने रुंद माणूस एका हातात फोन धरून त्याच्याकडे बघत बघत येतोय. गाडीपाशी थांबला, फोन खिशात टाकला आणि काही न विचारता नवऱ्याची कॉलर धरली.

"माझी बायको कुठाय?"

माझ्या नवऱ्याच्या हातात तेलाची कुपी होती. ती त्याने सांडू नये म्हणून सरळ धरली आणि म्हणाला, "कुणाची बायको?" मी जिना उतरून पोचेपर्यंत तो माणूस सगळ्या गल्लीला सांगत होता की गाडी रोज रात्री या फाटकाशी असायची, महिनाभर बघतोय, आता रात्री लपवून ठेवता, दिवसा परक्या घरांतून हिंडवता. शेजारच्या खिडक्या उघडल्या. मला सगळं माहीत होतं, तरी खरं सांगते, डोळ्याचं पातं लवेपर्यंत मी नवऱ्याकडे संशयाने बघितलं. इतक्या ठासून कुणी बोललं की असं होतं.

मला बघून तो माझ्याकडे वळला. कॉलर सोडली नाही. म्हणाला, "तुम्ही सांगा. तुम्हाला माहिती आहे. तोंडावर दिसतंय."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता, चष्मा एका कानावर लोंबत होता. ड्रायक्लीनरचं दुकान, एवढे शब्द सांगितले असते की तो माणूस आमच्या आयुष्यातून निघून गेला असता. त्या बाईचं माझं काही नातं नव्हतं. तिने आम्हाला या खड्ड्यात घातलं होतं. सांगावं असं मला वाटलं, खूप वाटलं.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं. "आधी त्यांना सोडा."

तेवढ्यात नणंद बाहेर आली. तिने पिशवी खाली ठेवली, पुढे झाली, कॉलरवरच्या मुठीतला अंगठा पकडला आणि मागे नेला. रोजचं काम करावं तसं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. तो माणूस गुडघ्यावर आला. ती म्हणाली, गाडी माझी आहे, यार्डातून घेतली, तुझी बायको मला ठाऊक नाही, आणि अंगठा हवा असेल तर सरळ उभा राहून चालायला लाग. तिने हात सोडला. तो उठला, दोन पावलं मागे सरला. क्षणभर वाटलं की गेला. पण तो गाडीच्या पुढच्या दाराला गेला. गाडीने त्याला ओळखलं. आरसे हलले, दार सुटलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो मशीनसकट गाडी घेऊन निघून गेला. मागचं दार पहिल्या वळणावर आपटून बंद झालेलं ऐकू आलं. त्या गाडीला इंजिनाचा आवाजसुद्धा नव्हता, ओरडावं तर कशावर.

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने विचारलं, गाडी फोडली का? नाही. काच? नाही. किल्ली? मी म्हटलं, किल्लीच नसते. मग उघडली कशी? त्याच्या फोनने. "म्हणजे किल्ली त्याच्याकडे होती," अधिकारी म्हणाला, "मग याला चोरी कसं म्हणू? आधी तुमचं आपसात मिटवा." माझा नवरा, ज्याला कुणाची चूक दिसत नाही, तो मान चोळत पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, मी माझ्या बहिणीला घराची किल्ली दिली म्हणून घर किल्लीवाल्याचं होत नाही. अधिकाऱ्याने त्याला बसायला सांगितलं, आणि तो बसलाही.

नणंद मात्र एकदम उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

"वहिनी, गाडी जिथे जिथे थांबली ते सगळं त्याच्या फोनात आहे. तो एकेक घर तपासत जाणार."

आणि त्यात ते दुकान होतं. आम्हीच गाडी समोर लावून उभी केली होती.

तिने त्या बाईला फोन लावला. प्रस्तावना केली नाही. म्हणाली, तो गावात आलाय, गाडी नेलीय, मागच्या दाराने बाहेर पड, मुलीला घे, आणि त्याचा फोन आत्ता काढ. पलीकडून काय आलं ते मला ऐकू येत नव्हतं. मग ती मला सांगायला लागली. त्याचा फोन काढलाय, गाडी चालू असेपर्यंत चालूच राहते, पण एकदा उतरला की पुन्हा त्याच्यासाठी उघडणार नाही. ती बाई मुलीला घेऊन चालत होती आणि फोनवरून ठिपका कुठे चाललाय ते सांगत होती. पुलाकडे. पुलावर. डावीकडे. माझ्या नणंदेने माझा दंड पकडला होता, जोरात, तिच्या धंद्याच्या पकडीने. दुकान पुलावरून उजवीकडे होतं.

ठिपका थांबला. नणंदेने पत्ता ऐकला आणि तिच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळचं होतं. तो मुख्याध्यापकांच्या घराशी थांबला होता. गाडी तिथे सगळ्यांत जास्त वेळा उभी राहायची.

थोड्याच वेळात त्या सुनेचा फोन आला. एक दांडगा माणूस दारावर लाथा मारतोय, कपाटं उघडून दाखवा म्हणतोय, आणि तुमची गाडी आमच्या दारात आहे, तुम्हाला घरी येऊ देणं हीच आमची चूक. नणंदेने फोन तसाच नेऊन अधिकाऱ्याच्या कानाला लावला. आता दार मोडणं होतं, आरडाओरडा होता, घरात आजारी म्हातारा होता. आता त्यांना गुन्हा दिसला. जीप निघाली. ते पोचले तेव्हा तो माणूस गाडीच्या काचेवर कोपर मारत होता. गाडी त्याला ओळखत नव्हती. काच शेवटी फुटली होती, पण आत बसूनही ती जागची हलली नाही, आणि तो तसाच स्टिअरिंग धरून बसलेला त्यांना सापडला.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. त्याला थोडे दिवस आत ठेवलं आणि मग तो सुटला. त्याच्या वकिलाचं म्हणणं की बायकोची गाडी, बायकोने दिलेली किल्ली, माणूस चिडला एवढंच. ते प्रकरण अजून चाललंय आणि माझ्या नवऱ्याला साक्षीला जावं लागतं. त्या बाईने त्याच दिवशी गाव सोडलं. कुठे गेली ते आम्हाला माहीत नाही. जाण्याआधी तिने गाडीतली मालकीही पूर्ण माझ्या नणंदेच्या फोनवर करून टाकली. फोनवर एक ओळीचा निरोप येऊन पडला, त्याखाली आभार वगैरे काही नव्हतं. नणंद तिच्याबद्दल अजूनही चांगलं बोलत नाही. कुणी कीव करायला लागलं तर म्हणते, ती बाई हुशार आहे, कीव कसली करता.

यार्डवाल्यांनी काच बदलून द्यायला नकार दिला. तेव्हा ती तिथे जाऊन गाड्या बघायला आलेल्या माणसांना विचारायला लागली की हिच्यात आधीचे किती फोन जोडलेत ते विचारून घेतलंत का. लोक विचारायला लागले. मॅनेजरने काच बदलून दिली आणि पहारेकऱ्याला ताकीद दिली की या बाईला पुन्हा आत सोडायचं नाही. मुख्याध्यापकांच्या सुनेने तिला परत बोलावलं नाहीच. मुख्याध्यापकांनी स्वतः फोन केला, दबक्या आवाजात, की सून दुपारी बाहेर असते, तेव्हा या, पाय पुन्हा आखडलाय. ती नाही म्हणाली. चोरून कुणाच्या घरी जात नाही म्हणाली. मग त्यांना व्यायाम कसे करायचे ते फोनवर अर्धा तास ओरडून सांगितलं.

माझ्या नवऱ्याने त्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलंय. मीही बसत नाही, पण माझं कारण जुनंच आहे.

परवा मोटर लावायला मी खाली गेले, तर ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून खांद्याला गरम पिशवी लावत होती. मला वाट द्यायला सरकली नाही. मी उभी राहिले.

"त्या दिवशी दादाची कॉलर धरली होती, तरी तू बोलली नाहीस," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही गप्प बसले," मी म्हटलं.

"माहीत आहे." तिने पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. "पाठ सरळ ठेव. पोक काढून उभी राहतेस, म्हणून कंबर दुखते तुझी."

मी तिला ओलांडून मोटर लावायला गेले.